‘उन्हाळी’ म्हणून सोडून दिलेले रक्त

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. नाव आणि गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा मुख्य भाग असा :

‘माझे वय ५८. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या दिवसांत लघवीला आग होऊ लागली आणि दोन-तीन वेळा लघवी तांबूस झाली. उन्हाळी लागली असेल म्हणून घरी धण्याचे पाणी, सब्जा सगळे करून झाले. मग डॉक्टरांकडे गेले. आठ महिन्यांत अँटिबायोटिकचे चार कोर्स घेतले. लघवीची कल्चर तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. गर्भपिशवी काढून अकरा वर्षे झाली आहेत, तरी एकदा त्या बाजूनेही तपासण्या झाल्या. शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. ती दुर्बिणीतून काढली. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड, टी-वन, स्नायूपर्यंत पोहोचलेली नाही, असे आहे. आता दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा मूत्राशयात बीसीजी सोडायचे ठरले आहे. माझ्या मोठ्या दिरांना हाच आजार सहा वर्षांपूर्वी झाला. त्यांची लघवी लाल होताच त्याच आठवड्यात त्यांना युरॉलॉजिस्टकडे पाठवले होते आणि बीसीजी घेऊन ते आज ठणठणीत आहेत. माझ्या मुलाने मात्र वाचले आहे, की बायकांची प्रतिकारशक्ती वेगळ्या तऱ्हेने वागते, त्यामुळे या आजारात त्यांची अवस्था पुरुषांपेक्षा वाईट होते आणि बीसीजीही त्यांना कमी लागू पडते. हे खरे आहे का? खरे असेल तर मी हा त्रास कशाला सोसू? आमच्या यजमानांनी तीस वर्षे विडी ओढली, मी कधी हात लावला नाही, तरी मलाच का झाले? घरात दीड वर्षाचा नातू आहे. बीसीजी म्हणजे क्षयाचे जंतू, त्याला धोका नाही ना? संधिवातासाठी आठवड्यातून एक दिवस गोळ्या घेते, बाकी काही आजार नाही. ता. क. : माझ्या धाकट्या बहिणीलाही गेल्या महिन्यात एकदा लघवी लाल झाली होती. दुखले काही नाही आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले.’

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा संधिवाताच्या त्या एका ओळीवर थांबले. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे. मला मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. आठवड्यातून एकच दिवस घ्यायच्या संधिवाताच्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट असते. हे औषध सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबून धरते, आणि बीसीजीचा सगळा उपचार तर त्याच प्रतिकारशक्तीला मूत्राशयात बोलावून कामाला लावण्यावर उभा आहे. शिवाय बीसीजीतले जंतू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्याच्या अंगात ते क्वचित पसरू शकतात. म्हणून पहिला डोस घेण्याच्या आधी तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, अगदी कधीमधी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळीसकट, युरॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवा आणि त्यांचे व संधिवाताच्या डॉक्टरांचे एकमेकांशी बोलणे झाल्याशिवाय डोस घेऊ नका. मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, कारण सांधे एकदा भडकले की मग स्टिरॉइड द्यावे लागते आणि ते बीसीजीच्या दृष्टीने आणखी अडचणीचे असते. दोघे डॉक्टर मिळून औषध बदलतील, काही काळ थांबवतील, किंवा तुमच्यासाठी बीसीजीऐवजी मायटोमायसिन अथवा जेमसायटाबिनसारखे केमोथेरपीचे औषध मूत्राशयात सोडणे बरे, असेही ठरवतील. हा निर्णय त्यांचा आहे, पण तो होण्यासाठी ती एक ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. तुमच्या कार्डावर ती नोंद आहे का, हे आजच पाहा.

मुलाने विचारलेला प्रश्नही इथेच सुरू होतो. तुमच्यासारखा संधिवात स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि शरीराने स्वतःवरच उलटण्याचे जे अनेक आजार आहेत, त्यांच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया असतात. लसीकरणानंतर सर्वसाधारणपणे स्त्रियांच्या शरीरात अधिक प्रतिपिंडे तयार होतात. म्हणजे प्रतिकारशक्तीची तऱ्हा वेगळी असते, हे तुमच्या मुलाने वाचले ते खरे आहे. मात्र ‘वेगळी’ या शब्दावरून तो थेट ‘म्हणून उपचाराचा उपयोग नाही’ इथे पोहोचला आहे. मधला रस्ता बराच लांब आहे आणि तो नीट चालून पाहायला हवा.

त्याआधी तुमच्या आठ महिन्यांबद्दल बोलते, कारण त्याचे मला मनापासून वाईट वाटले. आपल्याकडे लघवीला आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. हा शब्द इतका घरगुती आणि निरुपद्रवी आहे, की त्याच्या आड रक्तही लपून जाते. दुसरा असाच शब्द ‘पिशवी’. पुरुषाने पिशवीचा त्रास सांगितला तर ती लघवीची पिशवी असते. बाईने सांगितला तर ऐकणारा गर्भपिशवी समजतो. तुमची गर्भपिशवी अकरा वर्षांपूर्वी काढलेली असतानाही शोध आधी तिकडेच गेला, यात मला नवल वाटत नाही. दिरांना मात्र पहिल्याच आठवड्यात योग्य दार दाखवले गेले. हा फरक केवळ तुमच्या गावातला किंवा एखाद्या डॉक्टरचा नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, लघवीत रक्त आल्यापासून मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी ७४ दिवस लागले, तर स्त्रियांना ८५. ब्रिटनमध्ये याच कर्करोगाच्या रुग्णांत, तज्ज्ञाकडे पाठवले जाण्याआधी नेहमीच्या डॉक्टरकडे तीन किंवा अधिक फेऱ्या माराव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त होते. स्त्रियांना जंतुसंसर्ग वारंवार होतो हे खरेच आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी संसर्ग यावा हे समजण्यासारखे आहे. कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त तर दिसते आहे, अशा वेळी तिसरा आणि चौथा कोर्स लिहून देणे मात्र मला समर्थनीय वाटत नाही. पहिल्या कोऱ्या कल्चरनंतरच सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी व्हायला हवी होती.

हे मी जुना राग उकरून काढायला लिहीत नाही. स्त्रियांची अवस्था या आजारात जास्त बिकट होते, असे जे आकडे तुमच्या मुलाने पाहिले असतील, त्यांत हा उशीर मिसळलेला असतो. २०२२ मध्ये जगभरात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पुरुष होते. ज्या थोड्या स्त्रियांना तो होतो, त्यांच्यात मात्र निदानाच्या वेळीच तो स्नायूपर्यंत गेलेला असण्याचे प्रमाण जास्त असते. तुमच्या बाबतीत, आठ महिने जाऊनही, गाठ स्नायूच्या अलीकडे थांबलेली होती. रिपोर्टमधले ‘टी-वन’ म्हणजे अस्तराखाली शिरलेली पण स्नायूपर्यंत न गेलेली गाठ, आणि ‘हाय ग्रेड’ म्हणजे तिच्या पेशी आक्रमक दिसतात. हे लक्षात ठेवा.

आता प्रतिकारशक्तीकडे वळते. या विषयातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मूत्रमार्गाच्या संसर्गाचा प्रयोगशाळेतला अभ्यास वर्षानुवर्षे जवळजवळ फक्त मादी उंदरांवर झाला, आणि त्याचे एक साधे कारण असे, की नर उंदराच्या मूत्राशयात नळी घालणे फार अवघड जाते. त्यामुळे नर आणि मादी यांची तुलनाच होत नव्हती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉली इंगरसोल यांच्या गटाने ती अडचण सोडवली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंतू सोडल्यावर पहिल्या दिवशी नर-मादी दोघांच्या मूत्राशयांत साधारण सारखेच जंतू होते. पण माद्यांच्या मूत्राशयात प्रतिकाराच्या पेशी आणि त्यांना हाका मारणारी रसायने लगबगीने जमली, काही आठवड्यांत संसर्ग आटोक्यात आला, आणि नरांमध्ये तो रेंगाळत राहिला. माद्यांमधले इंटरल्युकिन-१७ नावाचे रसायन अडवले की त्यांचीही ही चपळाई गेली. माद्यांना पुरुषी संप्रेरक दिले की त्यांच्यातही संसर्ग चिवट झाला. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, तरीही ज्या स्त्रीला सारखा संसर्ग होतो तिची प्रतिकारशक्ती दुबळीच असणार, हा समज इथे डळमळतो. दरवाजा जवळ असल्यामुळे जंतू आत जास्त वेळा येतात. आत आल्यावर त्यांच्याशी लढणारी फळी मात्र कमजोर असते असे नाही.

रजोनिवृत्तीनंतर या फळीतला एक आधार गळतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशींची वीण घट्ट ठेवते आणि जंतूंना मारणारी छोटी प्रथिने तयार करायला त्यांना मदत करते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवले. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९३ मध्ये, इस्रायलमधील ९३ स्त्रियांच्या चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांना योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम दिल्यावर वर्षाकाठी सरासरी सहाच्या जवळपास होणारे संसर्ग दोन वर्षांत एकदा इतके खाली आले होते. तुमच्या ओळखीत खरोखर जंतू सापडणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेणाऱ्या साठीच्या बायका असतील, तर त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना या क्रीमबद्दल जरूर विचारावे. तुमच्यासाठी तो आत्ताचा विषय नाही.

कर्करोगात चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. पुरुषांना हा रोग जास्त का होतो, याचे पहिले उत्तर तंबाखू. मूत्राशयाचे सुमारे निम्मे कर्करोग धूम्रपानाशी जोडलेले आहेत. तंबाखूच्या धुरातली घातक द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळतात आणि मग ती तासन् तास मूत्राशयात साठून राहतात. पण निम्मे म्हणजे सगळे नव्हेत. उरलेल्या निम्म्यांत विडीला हातही न लावलेली माणसे असतात, त्यांतल्या तुम्ही एक. यात तुमची कसलीही चूक शोधू नका. यजमानांना मात्र त्यांनी विडी अजून सोडली नसेल तर आता सोडायला सांगा. धूम्रपान न करणाऱ्यांचीच तुलना केली तरी पुरुषांत हा रोग जास्त निघतो, म्हणजे तंबाखूपलीकडेही काही आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झिहाय ली यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांवर दाखवले, की कर्करोगाच्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाखाली लवकर थकतात. गाठीसमोर उभ्या असतात, पण हात चालवत नाहीत. स्त्रियांना दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक बहुतांशी गप्प केलेले असले, तरी काही जनुके त्या गप्पपणातून सुटतात. मूत्राशयाला कर्करोगापासून राखणारे केडीएम-६-ए नावाचे जनुक त्यांपैकीच एक आहे. पुरुषांच्या बाबतीत उलट, वय वाढते तसे काही पेशींतून वाय गुणसूत्रच नाहीसे होते. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सिनाई रुग्णालयातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की वाय गमावलेल्या मूत्राशयाच्या गाठी टी-पेशींना अधिक थकवतात आणि जोमाने वाढतात. पण टी-पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या नव्या इम्युनोथेरपीला त्याच गाठी जास्त चांगला प्रतिसाद देतात. एकच गोष्ट रोगाला पोसते आणि एका औषधाला वाटही करून देते. म्हणूनच ‘अमक्याची प्रतिकारशक्ती चांगली, तमक्याची वाईट’ असा निवाडा या विषयात टिकत नाही.

मग ज्या स्त्रियांना हा रोग होतो, त्यांच्यात तो कधी कधी अधिक आक्रमक का असतो? उशिरा होणारे निदान हे कारण मी वर सांगितले. दुसरे, अजून तपासले जात असलेले कारण प्रतिकारशक्तीचेच आहे. पहारा कडक असेल तिथे जी गाठ वाढते, ती मुळातच पहारेकऱ्यांना चुकवण्यात तरबेज असते, असा एक विचार आहे. कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात माधुरी कोटी यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले आहे. २०२१ मध्ये त्यांनी स्नायूपर्यंत न पोहोचलेल्या, म्हणजे तुमच्यासारख्याच, गाठींचे नमुने तपासले, तेव्हा प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी आणि विशिष्ट प्रकारच्या भक्षक पेशी यांची गर्दी ज्या स्त्रियांच्या गाठींत जास्त होती, त्यांच्यात रोग लवकर पुढे सरकलेला दिसला. म्हणजे प्रतिकाराच्या पेशी तिथे पोहोचल्या होत्या, पण त्यांतल्या काही रोगाला रोखण्याऐवजी त्याला सांभाळून घेत असाव्यात. तुमच्या गाठीत काय होते हे यावरून सांगता येत नाही आणि आपल्याकडच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते तपासतही नाहीत.

बीसीजी स्त्रियांना कमी लागू पडते का, याचे उत्तर आकड्यांतच शोधायला हवे. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये, तुमच्यासारखीच टी-वन, हाय ग्रेड गाठ असलेल्या आणि बीसीजी घेतलेल्या १४६ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे आणि पुढे जाण्याचे प्रमाण जास्त दिसले. इतर काही अभ्यासांत स्त्री-पुरुषांत असा फरक सापडला नाही. मुळात या आजाराच्या कोणत्याही अभ्यासात स्त्रिया थोड्या असतात, त्यामुळे दोन-चार जणींच्या नशिबाने आकडा इकडचा तिकडे होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या अभ्यासांत ‘बीसीजी घेतलेला पुरुष’ आणि ‘बीसीजी घेतलेली स्त्री’ यांची तुलना आहे. तुम्हाला ठरवायचे आहे ते वेगळे आहे : बीसीजी घेतलेली तुम्ही की न घेतलेली तुम्ही. हाय ग्रेड टी-वन गाठ नुसती खरवडून सोडून दिली तर ती परत येण्याचा आणि स्नायूत शिरण्याचा धोका मोठा असतो, आणि तो कमी करण्यासाठी बीसीजी हा स्त्री-पुरुष दोघांसाठीही मान्य असलेला पहिला उपचार आहे. संधिवाताच्या औषधांचा प्रश्न सुटत असेल, तर मुलाने वाचलेल्या मजकुरामुळे तो नाकारू नका, असे मी स्पष्टपणे सांगते.

हा उपचार सुरू झाला तोही किंग्स्टनमध्येच. तिथल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये अवघ्या नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, हे त्यांनी धरलेले वेळापत्रक आजही तुमच्या कार्डावर आहे. औषध मात्र आपल्या परिचयाचे आहे. तुमच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या खाली, लहानपणीच्या लसीचा नाण्याएवढा खोलगट व्रण असेल. तीच ही लस, फक्त मात्रा कितीतरी पटींनी मोठी. कर्करोगासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. मूत्राशयात सोडल्यावर ती आतल्या अस्तराला चिकटते, आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि भक्षक पेशी धावून येतात, मागून टी-पेशी येतात, आणि या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी मारल्या जातात. पाश्चर इन्स्टिट्यूटच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की ज्या उंदरांना आधी त्वचेतून बीसीजी टोचलेली होती, त्यांच्या मूत्राशयात टी-पेशी लवकर आणि अधिक संख्येने पोहोचल्या. दंडावर तो व्रण असणे ही अडचण नाही, एवढे यातून घ्या. आता पुन्हा दंडावर लस टोचून घ्यायला मात्र जाऊ नका.

प्रत्यक्ष डोस असा असतो. लघवी करून मूत्राशय रिकामे करायचे, पातळ नळीतून सुमारे ५० मिलिलिटर पांढुरके औषध आत सोडतात, नळी काढतात, आणि मग ते दोन तास आत धरून ठेवायचे. त्या दिवशी सकाळपासून पाणी आणि चहा बेताने घ्या, म्हणजे दोन तास धरवेल. औषध धरून असताना अधूनमधून कुशी बदलायला सांगतात, कारण ते सगळीकडे लागावे लागते. दोन तासांनी बसून लघवी करा, घरच्या कमोडमध्ये कपभर ब्लीच ओता, पंधरा मिनिटे राहू द्या आणि मग झाकण लावून पाणी सोडा; सहा तासांपर्यंत प्रत्येक वेळी हेच. बायकांनी लघवीनंतर बाहेरची जागा साबणपाण्याने धुवावी, नाहीतर तिथे आग होते. ही साधी गोष्ट नर्स पुष्कळदा सांगायची विसरते, कारण या विभागात येणारे बहुतेक रुग्ण पुरुष असतात. नातवाला मांडीवर घ्यायला, त्याला भरवायला काहीही हरकत नाही. हात नीट धुवा आणि त्या सहा तासांत तुमचा संडास त्याच्या वावरात येऊ देऊ नका, एवढे पुरेसे आहे.

डोसनंतर एक-दोन दिवस आग, वारंवार लघवी, थोडी कणकण, अंग मोडल्यासारखे वाटणे हे होतेच. प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असते. ताप साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि दुसऱ्या दिवशीही टिकला, किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरी थांबू नका. एखाद्या आठवड्यात संसर्ग झाला असेल, लघवीतून डोळ्यांना दिसेल एवढे रक्त जात असेल, किंवा नळी घालताना रक्त आले असेल, तर तो डोस पुढे ढकलतात; पुढे ढकलल्याने उपचार वाया जात नाही. ‘घरी होते’ म्हणून एखादे अँटिबायोटिक मधेच घेऊ नका, कारण काही अँटिबायोटिके बीसीजीच्या जंतूंनाही मारतात. तुमच्या बाबतीत आणखी एक : बीसीजीनंतर क्वचित सांधे धरतात. पहिल्या डोसच्या आधीच कोणते सांधे किती दुखतात, सकाळी किती वेळ आखडलेले राहतात, हे वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे काही वाढले तर ते जुन्या संधिवाताचे की बीसीजीचे, हे डॉक्टरांना ओळखता येईल.

युरॉलॉजिस्टना दोन गोष्टी नक्की विचारा. टी-वन गाठीत पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बिणीतून खरवडून पाहण्याचा सल्ला देतात, कारण काही वेळा मागे अंश राहिलेला असतो; तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. दुसरे, सहा डोस झाले की संपले असे धरू नका. तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि त्यानंतर एक ते तीन वर्षे अधूनमधून तीन-तीन डोसांचे आवर्तन, हा उपचाराचाच भाग आहे. दिरांनी ते सगळे पूर्ण केले असेल, म्हणूनच बहुधा ते ठणठणीत आहेत. घरातल्या कामांमुळे आणि पाहुण्यारावळ्यांमुळे बायकांच्या या पुढच्या तारखा चुकतात, असे मी फार वेळा पाहिले आहे. सुनेला आणि मुलाला या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा.

राहिली तुमची बहीण. न दुखता लघवी एकदा लाल होऊन आपोआप स्वच्छ झाली, ही गोष्ट दिलासा देणारी नाही. मूत्राशयातली गाठ थांबून थांबून रक्त सोडते आणि मधल्या आठवड्यांत लघवी अगदी निर्मळ दिसते. तिला काहीच नसेल, खडा असेल किंवा साधा संसर्गही असेल, पण ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. तिला याच आठवड्यात लघवीची तपासणी, कल्चर आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगा, आणि कल्चर कोरे आले तर दुर्बिणीच्या तपासणीसाठी युरॉलॉजिस्टकडे जायला सांगा. तिथे गेल्यावर तिने ‘उन्हाळी’ किंवा ‘पिशवीचा त्रास’ असे न म्हणता ‘लघवीतून रक्त गेले’ असेच म्हणावे आणि मोठ्या बहिणीला मूत्राशयाचा कर्करोग निघाला आहे, हेही त्याच वाक्यात सांगावे.